लाल यांची सनद आणि लाल यांचेच नागरिक

एका कॉम्प्युटर गेममधली वस्ती. नाव यू. एन. अ‍ॅम्नेस्टी टाउन. लोकसंख्या ८. त्यात ५ ड्रोन, म्हणजे राबून वैतागलेले, असंतुष्ट नागरिक. २ टॅलेंट, म्हणजे समाधानी आणि उमेद असलेले. उरलेला १ साधा कामगार. वस्तीत रिक्रिएशन कॉमन्स, म्हणजे करमणुकीचं केंद्र, बांधलेलं आहे, त्यामुळे २ ड्रोन शांत होतात. एक लष्करी तुकडी मुक्कामाला आहे, तिच्या धाकानं आणखी १. राहिले २ ड्रोन आणि समोर २ टॅलेंट. ड्रोन टॅलेंटपेक्षा जास्त झाले की दंगा पेटतो, बरोबरीत असले तर पेटत नाही. म्हणजे वस्ती शांत आहे, पण अगदी काठावर.

या वस्तीचे नेते आहेत आयुक्त प्रवीण लाल. पलीकडे सिस्टर मिरियम गॉडविन्सन यांच्याशी युद्ध सुरू आहे आणि खजिन्यात फारसं काही नाही. लाल यांनी या घडीला काय करायचं, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न. सिड मायर्स अल्फा सेंटॉरी या १९९९ साली आलेल्या कॉम्प्युटर गेमच्या नियमांवरून मी हा प्रसंग मांडला आहे. लायब्ररियन या चौथ्या काठिण्यपातळीवर खेळणाऱ्या कुणाच्याही डावात तो असाच उभा राहू शकतो. त्या पातळीवर कुठल्याही वस्तीतले पहिले ३ नागरिक आपोआप समाधानी असतात, त्यापुढचा प्रत्येक जण ड्रोन म्हणूनच जन्माला येतो. सर्वात कठीण पातळीवर हा आकडा १ वर येतो.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात पार्श्वभूमी. फिरॅक्सिस कंपनीचा हा गेम ब्रायन रेनॉल्ड्स यांनी रचला. संयुक्त राष्ट्रांचं ‘युनिटी’ नावाचं जहाज अल्फा सेंटॉरीच्या दिशेनं निघतं. पोचता पोचता जहाजावर फूट पडते, कॅप्टन गार्लंड यांची हत्या होते आणि माणसं सात गटांत विभागून कायरन ग्रहावर उतरतात. हे गट देशांवरून किंवा वंशावरून पडलेले नाहीत, विचारांवरून पडलेले आहेत. डेअड्रे स्काय निसर्गाच्या बाजूच्या. शेंग-जी यांग शिस्तीच्या आणि सामूहिक राज्याच्या. झाखारोव्ह विज्ञानाच्या, न्वाबुडिके मॉर्गन बाजाराच्या, कोराझोन सँटियागो शस्त्राच्या, मिरियम श्रद्धेच्या. आणि लाल लोकशाहीच्या, मानवी हक्कांच्या, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या. सातांत भारतीय तेवढे लालच, त्यामुळे आपल्याकडचा खेळाडू पहिल्या डावात बहुधा त्यांचाच गट उचलत असणार, असं मला वाटतं.

हे सात नेते बोलतात फार छान. प्रत्येकाची भाषा वेगळी, युक्तिवाद वेगळा, आणि ऐकताना प्रत्येकाचं थोडंथोडं पटतं. पण गटांच्या गुणदोषांचा तक्ता उघडून बघा. मॉर्गन बाजाराचा पुरस्कार करतात आणि त्यांच्या गटाला अर्थव्यवस्थेत +१ मिळतो. सँटियागो सामर्थ्याचं महत्त्व सांगतात, त्यांच्या सैन्याचं मनोधैर्य +२. डेअड्रे पर्यावरण सांगतात, ग्रहाशी जुळवून घेण्यात त्यांना +१. झाखारोव्ह ज्ञानाची थोरवी गातात, संशोधनात त्यांना +२. जो नेता ज्या गोष्टीत आधीच सरस आहे तेच त्याचं तत्त्वज्ञान. मग खरं काय? तत्त्व मानलं म्हणून फायदा झाला, की फायदा होता म्हणून तत्त्व सुचलं? या तक्त्यावरून ते ठरवता येत नाही. ज्या तत्त्वाची झळ मानणाऱ्याला कधीच लागत नाही, त्या तत्त्वाबद्दल त्याची निष्ठा किती हे बाहेरून कळायला मार्ग नसतो. झळ लागते तिथेच बघावं लागतं, म्हणून मी लाल यांचं प्रकरण निवडलं.

लाल यांच्या गटाला मिळणाऱ्या सवलती जरा वेगळ्या आहेत. दर ४ नागरिकांमागे एक जास्तीचा टॅलेंट. इतरांना वसतिगृहं बांधल्याशिवाय वस्ती ७ च्या पुढे नेता येत नाही, लाल यांना ९ पर्यंत नेता येते. आणि सगळ्या गटांच्या ग्रहीय परिषदेत ग्रहाचा राज्यपाल निवडताना त्यांची मतं दुप्पट धरली जातात. या शेवटच्या सवलतीपाशी मी बराच काळ अडून राहिलो. सगळ्या माणसांचं मोल सारखं मानणारा नेता, आणि मतमोजणीत त्याचा एक माणूस इतरांच्या दोघांबरोबर! लाल जेव्हा परिषदेचं, मतदानाचं, सनदेचं महत्त्व सांगतात तेव्हा ते प्रामाणिक असतीलही. पण ज्या पटावर आपलं प्यादं दुप्पट चालतं त्याच पटावर खेळू या, असाही त्याचा अर्थ होतो. अ‍ॅम्नेस्टी टाउनमध्ये ८ माणसं कोंबली गेली आहेत तीही याच हिशेबानं. माणसं जास्त तितकी मतं जास्त, आणि माणसं जास्त तितके ड्रोनही जास्त.

आता पेच. युद्धाला पैसा हवा. लाल यांच्यापुढे सोपा मार्ग आहे: अर्थव्यवस्था मुक्त बाजाराकडे वळवायची. त्यानं अर्थव्यवस्थेला +२ मिळतात, आणि हा फरक खजिन्यात ताबडतोब दिसतो. पण त्यासोबत ग्रहाच्या बाबतीत −३ आणि पोलीस या रकान्यात −५ येतात. पोलीस −५ म्हणजे काय? वस्तीतल्या तुकडीचा धाक संपला, ती आता एकाही ड्रोनला गप्प करू शकत नाही. शिवाय वस्तीची जी तुकडी आपल्या हद्दीबाहेर लढायला गेली असेल, तिच्यापायी घरी आणखी २ ड्रोन वाढतात. बाजारावर जगणाऱ्या लोकांना स्वारीवर गेलेली फौज खपत नाही, असा त्यामागचा विचार. एकही तुकडी बाहेर पाठवली नाही तरी अ‍ॅम्नेस्टी टाउनमध्ये ३ ड्रोन आणि २ टॅलेंट होतात. दंगा. कारखाने बंद, ऊर्जेचं, म्हणजे या गेममधल्या पैशाचं, उत्पन्न बंद. जो पैसा मिळवायला बाजार आणला, तो या वस्तीतून तरी येत नाही.

उपाय आहेत, आणि त्यांचा क्रम बघण्यासारखा आहे, कारण प्रत्येक उपायाचं बिल वेगळ्या माणसाच्या नावावर फाटतं. एखाद्या नागरिकाला शेतीतून किंवा खाणीतून काढून डॉक्टर करता येतं. डॉक्टर वस्तीच्या सुखसोयींत, गेमच्या भाषेत ‘सायक’मध्ये, २ ची भर घालतो आणि तेवढ्यानं एक माणूस सावरतो. पण डॉक्टर झालेला माणूस धान्य पिकवत नाही, वाढ मंदावते. दुसरं, राज्याच्या ऊर्जेतला काही हिस्सा प्रयोगशाळांकडून आणि तिजोरीकडून काढून सायककडे वळवायचा. हे सगळ्या वस्त्यांना लागू होतं, म्हणून महाग पडतं. तिसरं, होलोग्राम थिएटर बांधायचं, पण दंगा चालू असताना बांधणार कसं? चौथं, बाजार मागे घ्यायचा. व्यवस्था बदलायला दर वेळी ऊर्जा मोजावी लागते, म्हणजे एकदा आणायला मोजली आणि आता घालवायला मोजायची. पाचवं, मिरियमशी तह करायचा. मिरियम यांच्या सैन्याला हल्ल्यात २५ टक्के जास्तीचं बळ असतं, त्या जिंकत असतील तर तह काही फुकटात मिळणार नाही.

सहावा उपाय म्हणजे नर्व्ह स्टेपलिंग. ड्रोनच्या मज्जासंस्थेत असा हस्तक्षेप करायचा की ते बंड करायच्या अवस्थेत उरतच नाहीत. एक बटण दाबलं की वस्ती लगेच शांत. पुढची १० वर्षं या वस्तीत दंगा होत नाही. ऊर्जा लागत नाही, इमारत लागत नाही, एक माणूसही शेतातून काढावा लागत नाही. आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार, म्हणजे लाल ज्या कागदासाठी जगतात त्या कागदानुसार, हा अत्याचार आहे.

इथे नियमांच्या पुस्तकात एक गोष्ट आहे, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. लाल यांना पोलीसराज्य निवडता येत नाही, तो पर्याय त्यांच्यासाठी बंद आहे. प्रत्येक गटाला असा एकेक पर्याय निषिद्ध आहे: मॉर्गनना नियोजित अर्थव्यवस्था, यांगना लोकशाही, मिरियमना ज्ञान, डेअड्रे यांना मुक्त बाजार. पण नर्व्ह स्टेपलिंग करायला पोलीसराज्य लागत नाही. पोलीस हा रकाना शून्याच्या खाली गेलेला नसला की पुरतं. लोकशाही स्वीकारल्यानं त्या रकान्यात काहीही बदल होत नाही. लोकशाहीनं कार्यक्षमता +२, लोकसंख्यावाढ +२ आणि सैन्य पोसण्याची क्षमता −२ होते, बस. म्हणजे लोकशाहीत बसलेले आयुक्त लाल आपल्याच नागरिकांच्या मेंदूत हात घालू शकतात. ज्या व्यवस्थेत ते करता येत नाही ती आहे मुक्त बाजार, कारण तिथे पोलीस −५ आहे!

अ‍ॅम्नेस्टी टाउनमधल्या ड्रोनच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याचं संरक्षण लोकशाही करत नाही. ज्या बाजारानं त्याच्या वस्तीत दंगा पेटवला, तोच बाजार त्याच्या डोक्याला हात लावू देत नाही. आणि लाल यांनी तत्त्वाला जागून, बाजार सोडून नियोजनाकडे मोर्चा वळवला, लोकांची सोय बघू म्हटलं, की त्याच क्षणी स्टेपलिंगचं बटण पुन्हा चालू होतं. गेम रचणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. पोलीस या एका आकड्यातून त्यांनी दहा गोष्टी चालवल्या, त्यातून हे आपोआप घडलं असावं. पण घडलेलं खरं आहे. राज्याचं नाव काय ठेवलं यावरून राज्याच्या हातात कोणती हत्यारं आहेत हे कळत नाही. ती यादी वेगळी मागावी लागते.

मग सनद काय करते? सनदेचा भंग केला तर बाकीचे गट निर्बंध लादतात, काही वर्षं तुमच्याशी व्यापार बंद. शिक्षा व्यापाराची असल्यामुळे ती सगळ्यांना सारखी बसत नाही. मॉर्गनचं सगळं बळ व्यापारात, त्यांना निर्बंध जिव्हारी लागतात. यांग यांच्या गटाला अर्थव्यवस्थेत मुळातच −२, त्यांचा व्यापार तोळामासा, त्यांना निर्बंधांची फिकीर नाही. लाल सामान्यतः पुष्कळांशी मैत्री राखून असतात, म्हणून त्यांचं नुकसान मोठं. पण युद्धाचा वणवा पसरला आणि निम्मे गट आधीच शत्रू झाले, की बंद व्हायला व्यापार उरतच नाही. सनदेचा धाक ज्या दिवसांत सर्वात जास्त हवा, नेमका त्याच दिवसांत तो सर्वात स्वस्त होतो. यावर कुणी म्हणेल, मग मॉर्गन बरे, ते निदान स्वार्थापोटी तरी थांबतात. मलाही तसंच म्हणावंसं वाटतं, फक्त पूर्ण नाही. स्वार्थ थांबवतो तोवर थांबवतो. परिषदेनं ठराव करून सनदेतली ही बंदीच उठवली, तर मॉर्गनना थांबायचं कारण उरत नाही. लाल यांना उरायला हवं, आणि त्यांच्या लोकशाहीची खरी परीक्षा तिथे आहे.

माणूस खेळत नसेल आणि कॉम्प्युटर लाल यांची भूमिका करत असेल, तर लाल इतरांकडे फार कडकपणे बघतात. शेजाऱ्यानं लोकशाही सोडली की ते नाराज होतात, बोलणी बिघडतात. इतर नेतेही असेच. मॉर्गनना तुमचं नियोजन खुपतं, डेअड्रे यांना तुमचा बाजार. शेजाऱ्याच्या घरातल्या व्यवस्थेवरून हे नेते संबंध तोडतात, कधी स्वतःचं नुकसान करून तोडतात. तेवढ्यापुरती त्यांची विचारनिष्ठा मला खरी वाटते, कारण तिथे किंमत मोजलेली दिसते. पण ती निष्ठा बाहेर रोखलेली आहे. लाल सनद दाखवतात ती यांगना, मिरियमना. स्वतःच्या अ‍ॅम्नेस्टी टाउनला त्यांनी सनदेतून काय दिलं, याचा एकही आकडा गेममध्ये नाही.

आणि नागरिक? त्यांना विचार नाहीतच. सात तत्त्वज्ञानांच्या या ग्रहावर सामान्य माणसाला फक्त मनःस्थिती आहे: खूष, बरा, नाराज. लाल यांच्या वस्तीतला टॅलेंट लोकशाही आवडते म्हणून टॅलेंट नाही, मिरियमच्या वस्तीतला ड्रोन नास्तिक झाला म्हणून ड्रोन नाही. गर्दी झाली, करमणूक नाही, पोरं परक्या मुलखात लढायला गेली, एवढ्यावर त्यांचं सगळं ठरतं. विचार नेत्याकडे, गरज जनतेकडे, अशी ही वाटणी आहे, आणि ती मला मान्य नाही. आणखी एक बाब आहे. लोकशाही निवडलेल्या लाल यांच्या राज्यात कुणीही कधीही मत देत नाही. मतदान होतं ते फक्त परिषदेत, नेत्यांचं. राज्यपाल निवडताना वस्त्यांतली डोकी मोजली जातात, पण ती डोकी कुणाला मत देणार हे लाल ठरवतात. ड्रोनचंही डोकं त्यात मोजलं जातं, स्टेपल केलेल्या ड्रोनचंही.

मतपेटीनं काय फरक पडतो हे आपल्याला माहीत आहे. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात आपल्याकडे राज्यघटना होती, संसद होती, आणि तरीही राज्य नागरिकांच्या शरीरापर्यंत पोचलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या कितीतरी सक्तीनं किंवा नोकरीच्या, रेशनच्या, कर्जाच्या धाकानं. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. सक्ती करणाऱ्यांपाशी लोकसंख्येचं, प्रगतीचं, गरिबी हटवण्याचं तत्त्वज्ञान होतं आणि त्यातल्या पुष्कळांचा त्यावर विश्वासही होता. मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली. उत्तरेत, जिथे सक्तीचा वरवंटा सर्वात जोरात फिरला होता, तिथे सत्ताधारी पक्ष जवळजवळ पुसला गेला. दक्षिणेत, जिथे झळ कमी लागली होती, तिथे तो टिकला. त्या मतदारानं स्वातंत्र्याच्या तत्त्वासाठी मत दिलं, की स्वतःच्या अंगावर आलेल्या सक्तीविरुद्ध? मला वाटतं, त्याच्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. आपल्या देहावर आपला हक्क आहे हा त्याचा स्वार्थ होता आणि तोच त्याचा विचार होता. नेत्यांच्या बाबतीत मी वर जी शंका घेतली ती या मतदाराला लावता येत नाही, कारण झळ त्यानं स्वतः सोसली होती.

तेव्हा लाल यांनी काय करावं? माझं उत्तर असं: बाजार आणू नये, नियोजनही आत्ता नको, स्वारीवरच्या तुकड्या हद्दीत परत घ्याव्यात, अ‍ॅम्नेस्टी टाउनमधून एक माणूस डॉक्टर करावा आणि वाढ थांबली तर थांबू द्यावी. परिषदेतली काही मतं कमी होतील. मिरियम एखादी वस्ती घेतीलही. हा तोटा लाल यांचा आहे, त्यांच्या सत्तेचा आहे, आणि तो त्यांनी उचलावा. स्टेपलिंगचा तोटा मात्र त्या ५ जणांचा, ज्यांना विचारलंही जात नाही. बटण समोर आहे, फुकट आहे, शिक्षा जवळपास नाही, आणि तरी दाबलं नाही, एवढं घडलं तर लाल यांच्या लोकशाहीला मी लोकशाही म्हणेन.

१९९९ मध्येच आलेल्या एलियन क्रॉसफायर या पुरवणीत ड्रोनना स्वतःचा गट मिळाला: फ्री ड्रोन्स, नेते फोरमन डोमाई. उद्योगात +२, संशोधनात −२, आणि प्रत्येक वस्तीत एक ड्रोन कमी. इतरांच्या वस्त्यांत दंगे चिघळले तर त्या वस्त्या बंड करून डोमाईंना येऊन मिळू शकतात. कायरनवर सामान्य माणसाला मिळालेली ही एकमेव राजकीय कृती आहे, आणि तिनं इतर नेत्यांवर जो वचक बसतो तो सनदेनं कधी बसला नव्हता. अ‍ॅम्नेस्टी टाउन आपलं उरणार नाही, ही भीती लाल यांना आता खरीच बाळगावी लागते. डोमाईंचं ध्येय युडेमोनिक समाज, जिथे प्रत्येकाला भरभरून जगता येईल. पण तो पर्याय तंत्रज्ञानाच्या वाटेवर फार उशिरा खुला होतो, आणि संशोधन −२ असलेल्या गटाला त्याहून उशिरा. तोवर डोमाईंनाही तेच तक्ते, तीच बटणं. त्यांना निषिद्ध असलेला पर्याय एकच: पर्यावरणवादी अर्थव्यवस्था. पोलीसराज्य खुलं आहे. नर्व्ह स्टेपलिंगही. ड्रोनमधून उठलेल्या गटाच्या नियमांत, स्वतःच्या माणसांना स्टेपल करता येणार नाही, अशी एक ओळ असायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.